खान्देशी मसाल्याची अख्खी भाजलेली कोंबडी, सोबत रस्सा

अख्खी कोंबडी भाजायची म्हटलं की बहुतेक घरांत एकच होतं. दही, तिखट, आलं-लसूण, गरम मसाला असं सगळं कालवून कोंबडीला वरून थापायचं आणि ओव्हनमध्ये ढकलायचं. खान्देशी मसाल्याला हे चालत नाही. आपल्या वाटणातली खोबऱ्याची वाटी आधीच जाळावर काळी केलेली असते, कांदा भाजून काढलेला असतो आणि काळ्या मसाल्यातला एकेक जिन्नस तळून किंवा कोरडा भाजून मगच कुटलेला असतो. असा मसाला २०० अंशांच्या उष्णतेत आणखी पाऊण तास उघडा राहिला की करपून कडू होतो. मग वरचं काळं खरवडून टाका आणि आतलं फिकं मांस लिंबू पिळून खा.

म्हणून इथं उलटं करायचं. मसाला कातडीच्या आत, मांसाला लागून. बाहेर फक्त मीठ, हळद आणि शेंगदाण्याचं तेल. कातडी खरपूस होते, तिच्यातली चरबी वितळून वाटणात उतरते आणि मसाला झाकलेला असल्यामुळे जळत नाही.

कोंबडी आणताना

सहा जणांच्या घराला साफ केल्यावर सव्वा ते दीड किलो भरेल अशी एक बॉयलर कोंबडी पुरते, कारण सोबत रस्सा होणार आहे. जिवंत वजन साधारण दोन किलो धरा. दहा जण असतील तर एक मोठी कोंबडी घेण्यापेक्षा दोन लहान घ्या. मोठीची छाती कोरडी पडेपर्यंत तिची मांडी शिजत नाही.

दुकानात दोन गोष्टी आधीच सांगाव्या लागतात. पहिली, कातडी ठेवायची. आपल्याकडे न विचारता कातडी ओढून काढायची सवय आहे, आणि एकदा ती निघाली की हा बेत बदलावा लागतो. पिसं काढायला कोंबडी गरम पाण्यात बुचकळावी लागते, त्याला वेळ लागतो, म्हणून रविवारी सकाळी अकराच्या गर्दीत दुकानदार कां-कूं करतो. शनिवारी संध्याकाळी जा. तसंही मीठ लावायला एक रात्र हवीच आहे.

दुसरी गोष्ट, पाठीचा कणा दोन्ही बाजूंनी कापून काढायला सांगा आणि कोंबडी पुस्तकासारखी उलगडून घ्या. घरच्या ओटीजीत, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, वरची तापणारी कांडी आणि जाळी यांत अंतर कमी असतं. उभी गोल कोंबडी ठेवली तर छाती कांडीला जवळजवळ टेकते आणि मांड्या खाली कच्च्या राहतात. उलगडलेली कोंबडी सपाट बसते, सगळीकडे सारखी भाजते आणि वेळही वाचतो. दुकानदार नाही म्हणाला तर घरी जाड कात्रीनं कणा निघतो; मग कोंबडी उताणी करून छातीच्या मधल्या हाडावर तळव्यानं जोर द्यायचा, कट्ट आवाज आला की ती सपाट होते. कणा, मान, कलेजी-पेठा मागून घ्या, टाकू देऊ नका. रस्सा त्यांचाच करायचा आहे.

गावरान कोंबडी अशी सरळ भाजू नका. ती फिरलेली असते, वयानं मोठी असते, मांस चिवट असतं. कोरड्या उष्णतेत ती मऊ होत नाही, उलट आणखी ताठ होते. गावरानच हवी असेल तर हळद-मीठ घातलेल्या पाण्यात झाकण ठेवून मंद आचेवर बारा आणे शिजवा. वयानुसार तास किंवा त्याहून जास्त लागेल. बाहेर काढून कातडी कोरडी होऊ द्या, मग मसाला भरून २२० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं भाजा. शिजवलेलं पाणी रस्स्याला सोन्यासारखं.

धुण्याबद्दल एक सांगून ठेवते, पटो न पटो. कच्ची कोंबडी नळाखाली धुतली की तिच्यावरचे जंतू शिंतोड्यांबरोबर ओट्यावर, भांड्यांवर, शेजारी चिरून ठेवलेल्या कांद्यावर उडतात. ते मरतात ते शिजताना. धुतल्यानं कोंबडी निर्जंतुक होत नाही. पण आपल्याकडे न धुतलेली कोंबडी चुलीवर चढवू देणारी सासू अजून मला भेटायची आहे. तेव्हा मधला मार्ग: नळाची धार नको, पातेल्यात पाणी घेऊन त्यात कोंबडी हलकेच बुडवून काढा, पाणी जपून ओता आणि नंतर सिंक साबणानं घासा. त्यानंतर कागदानं किंवा फक्त याच कामाला ठेवलेल्या फडक्यानं ती आतून-बाहेरून पूर्ण कोरडी करा. ओल्या कातडीला आधी वाफ येते, रंग नंतर. तोवर आतलं मांस वाळून जातं.

मीठ आदल्या रात्री

साफ कोंबडीच्या दर किलोला १२ ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचे दोन सपाट छोटे चमचे. सव्वा किलोला अडीच चमचे. ऐकायला जास्त वाटतं, पण यातलं बरंचसं हाडांच्या वजनाला जातं आणि वाटणात आपण मीठ घालणार नाही. मांड्यांना आणि छातीच्या जाड भागाला जास्त, पंखांना नावापुरतं. बोटं कातडीखाली सरकवून आतही चोळा.

मीठ लागल्यावर आधी पाणी सुटतं, मग तेच खारं पाणी काही तासांत मांस परत ओढून घेतं. म्हणून अर्धा तास आधी मीठ लावण्यात फारसा अर्थ नाही, रात्रभर ठेवलं तर हाडापर्यंत चव जाते. ताटलीत ठेवून फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात, न झाकता ठेवा म्हणजे कातडी सुकते. खालचा कप्पा यासाठी की पाणी गळालंच तर खाली काही नसावं. शेजारी दूध-दही उघडं नको. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि वीज जाते तीही नेमकी तेव्हाच. रात्री वीज फार वेळ जाणार असेल तर हा प्रकार सोडा, सकाळी ताजी कोंबडी आणा आणि चार तास मीठ लावून ठेवा.

लिंबू-दही आदल्या रात्री नको. आंबटानं वरचा थर पिठूळ होतो, आणि दह्यातलं पाणी कातडीला कधीच कुरकुरीत होऊ देत नाही. लिंबू पानात.

वाटण

कोंबडी आणि रस्सा दोन्हीसाठी एकदाच करायचं:

- सुक्या खोबऱ्याची एक मध्यम वाटी
- चार मध्यम कांदे, सालीसकट
- लसणाचे दोन गड्डे, त्यातला एक सोललेला
- दोन इंच आलं
- कोथिंबीर मूठभर, देठांसह
- काळा मसाला चार छोटे चमचे
- लाल तिखट दोन छोटे चमचे, आपल्या घराच्या बेतानं
- शेंगदाण्याचं तेल

खोबऱ्याची वाटी चिमट्यात धरून थेट गॅसवर धरा. तिला तेल सुटतं आणि ती स्वतःच पेट घेते; घाबरू नका, फुंकर मारून विझवा आणि फिरवत राहा. कडा काळ्या, पोट तांबूस, इतकंच. पूर्ण कोळसा झालेला भाग सुरीनं खरवडून टाका. कांदे सालीसकट जाळीवर ठेवा आणि अधूनमधून फिरवा. साल जळून काळी होईल, कांदा दाबला की आत बोट रुतेल आणि देठाशी गोडसर रस फसफसून बाहेर येईल, तेव्हा झाला. चूल असेल तर राखेत खुपसून ठेवलेल्या कांद्याला तोड नाही. लसणाचा एक गड्डा तसाच भाजा, दुसरा कच्चा राहू द्या. कच्च्या लसणाचा झणका भाजलेल्याला येत नाही.

खोबऱ्याचे तुकडे आधी कोरडेच बारीक करा, मग बाकीचं घालून वाटा. पाणी घालू नका. मिक्सर अडला तर चमचाभर तेल. पाट्यावर जमत असेल तर उत्तमच, वाटण घट्ट राहतं. पाणीदार वाटण कातडीखाली गेलं की आतून वाफ धरते आणि कातडी रबरासारखी होते.

शेवटी काळा मसाला आणि तिखट मिसळा. मिरची नंदुरबारकडची तिखट असेल तर हात आखडता घ्या. घरचा वर्षाचा मसाला खोबरं घालून कुटलेला असेल तर वाटणातलं खोबरं थोडं कमी करा. आणि मसाल्याच्या बरणीला खवट वास येतोय का ते आधी बघा. खवट खोबऱ्याला कोंबडी वाचवू शकत नाही.

वाटणाचे दोन भाग करा. थोडा लहान भाग कोंबडीला, मोठा रस्स्याला.

भरणं आणि भाजणं

भाजायच्या तासभर आधी कोंबडी फ्रिजमधून काढा. उन्हाळा असेल तर अर्धा तास पुरे. सुटलेलं पाणी टिपून घ्या. छातीच्या वरच्या टोकाकडून कातडीखाली दोन बोटं घाला आणि हळूहळू सरकवत पुढे जा. मधोमध एक पातळ पडदा चिकटलेला असतो, तो नखानं न ओरबाडता बोटाच्या पेरानं सोडवा. छातीवरून तसंच पुढे मांडीवर जाता येतं. नखं वाढवलेली असतील तर हे काम दुसऱ्याला द्या; कातडी फाटली की मसाला नेमका तिथेच करपतो. चमचाभर वाटण आत सोडायचं आणि बाहेरून कातडीवर हात फिरवत पसरवायचं. पातळ, सारखा थर. उरलेलं आतल्या, हाडांच्या बाजूला चोळून टाका, ती बाजू खाली राहणार आहे.

बाहेरून दोन चमचे तेलात पाव चमचा हळद कालवून लावा. तिखट नको, तेही करपतं. पंखांची टोकं मागे मुडपून ठेवा.

ट्रेमध्ये दोन कांद्यांच्या जाड चकत्या आणि सोललेल्या बटाट्यांच्या फोडी पसरा, त्यावर कोंबडी, कातडी वर. टपकणारी चरबी आणि मसाला त्या बटाट्यात मुरतो. आमच्याकडे भांडण होतं ते यांच्यावरून. तसं तंगड्यांवरूनही होतं, कारण कोंबडीला तंगड्या दोन आणि पोरं चार. त्याला उपाय सोपा आहे: दुकानातून दोन तंगड्या जास्तीच्या आणा, तसंच मीठ-मसाला लावून ट्रेच्या कडेला ठेवा.

ओटीजी २०० अंशांवर, वरखाली दोन्ही कांड्या चालू ठेवून पंधरा मिनिटं आधी तापवा. हे यंत्र दीड-दोन हजार वॅटचं असतं, ते मोठ्या सॉकेटलाच जोडा, साध्या एक्स्टेंशन बोर्डाला नको. संध्याकाळी गावाकडे व्होल्टेज पडलं की खटका २०० दाखवतो आणि आत तेवढी उष्णता नसते. अशा वेळी घड्याळावर विसंबू नका, कोंबडीकडे बघा.

खालून दुसऱ्या खाचेत ट्रे ठेवा. पंचवीस मिनिटांनी ट्रे फिरवून मागची बाजू पुढे आणा. छातीवरची कातडी लवकर रंगली तर तेवढ्याच भागावर फॉइलचा तुकडा ठेवा. सव्वा किलोच्या उलगडलेल्या कोंबडीला एकूण ४५ ते ५५ मिनिटं लागतात.

शिजली की नाही

२००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आला. भारतात त्याची नोंद पहिल्यांदा झाली ती तिथल्या कोंबड्यांमध्ये. पोल्ट्रीवाले आणि खाणारे दोघेही तेव्हा हवालदिल झाले होते. सगळा भाग ७० अंशांच्या वर नीट शिजला की तो विषाणू टिकत नाही. कोंबडीतल्या नेहमीच्या जंतूंसाठी ७४ अंश हा आकडा धरायचा. सुईवाला डिजिटल थर्मामीटर फार महाग नाही, आणि या कामात माझा त्याच्याइतका भरवसा दुसऱ्या कशावर नाही. सुई मांडीच्या सगळ्यात जाड भागात खुपसा, हाडाला टेकू देऊ नका. मग छातीत. दोन्हीकडे ७४ दिसले की बाहेर.

थर्मामीटर नसेल तर मांडी धडाला जिथं मिळते तिथं सुरी घालून उघडून बघा. मांस चकचकीत, कच्च्या काचेसारखं दिसलं तर आणखी दहा मिनिटं. पांढरं होऊन हाडापासून सुटत असेल तर झालं. कोवळ्या बॉयलरच्या हाडाजवळ पूर्ण शिजल्यावरही लालसर छटा राहते, ती हाडातून आलेली असते. नुसत्या रंगावरून घाबरायचं नाही आणि नुसत्या रंगावर निर्धास्तही व्हायचं नाही.

बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं हात लावू नका. घट्ट झाकूही नका, कातडी सादळते. लगेच कापली तर सगळा रस ताटात सांडतो.

ओव्हन नसेल तर

ओटीजी असूनही बऱ्याच घरांत त्यात कोंबडी जात नाही, कारण त्यातच नानकटाई होते. सामिषाची भांडी वेगळी, चूल अंगणात नाहीतर गच्चीवर, हे आपल्याकडे नवीन नाही. त्यावर पातेलं उत्तम.

जाड बुडाचं, पसरट पातेलं घ्या. तीन चमचे तेल चांगलं तापवा आणि कोंबडी कातडी खाली करून ठेवा. वर जड ताटली किंवा वरवंटा ठेवलात तर कातडी सगळीकडे टेकते. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं, न हलवता. कातडी तयार झाली की ती स्वतःच बुड सोडते. चिकटलेली असेल तर अजून व्हायची आहे. मग ती काढून बुडाला कांद्या-बटाट्याचा थर द्या, त्यावर कोंबडी कातडी वर करून ठेवा, घट्ट झाकण, खाली तवा, मंद आच, ४० ते ४५ मिनिटं. पाणी अजिबात नाही. चुलीवर असाल तर शेवटची पंधरा मिनिटं झाकणावर निखारे घाला. गॅसवर असाल तर शेवटी कोंबडी उलटून पाच मिनिटं उघडी भाजा, वाफेनं मऊ पडलेली कातडी परत कडक होते.

सरपणाचं म्हणाल तर कपाशीच्या काड्या भरताच्या वांग्यांना ठीक. त्या भडकतात आणि विझतात, वांग्याला तेवढंच हवं असतं. कोंबडीला धग टिकली पाहिजे, त्याला बाभूळ.

आणि कातडी गेलेलीच असेल तर केळीचं पान. रावेर-यावलकडे पानाला तोटा नाही. पान गॅसवर शेकून मऊ करा, कोंबडीच्या वाट्याचं सगळं वाटण तिला बाहेरून लावा, तेलाचा हात फिरवा, पानात गुंडाळून दोऱ्यानं बांधा आणि वरच्याच पातेल्यात मंद आचेवर ठेवा. शेवटची दहा मिनिटं पान उघडा. खरपूसपणा येणार नाही, पण मांस ओलं राहतं आणि मसाला जळत नाही.

रस्सा

कोंबडी कितीही सुरेख भाजा, पंगतीत पहिला प्रश्न येतो तो "रस्सा शे ना?" कोरड्या कोंबडीबरोबर भाकरी घशाखाली कशी उतरणार?

कोंबडी भाजायला टाकतानाच कणा, मान आणि पेठा हळद-मीठ घालून दीड लिटर पाण्यात उकळायला ठेवा. कलेजी शेवटी, नाहीतर ती खडूसारखी होते. दुसऱ्या पातेल्यात पाऊण वाटी तेल तापवा. हो, पाऊण, कमी घातलंत तर तर्रीची अपेक्षा ठेवू नका. उरलेलं वाटण मंद आचेवर परता. आधी ते तेल पिऊन टाकतं, मग गोळा होतो, मग कडेनं तेल परत सुटायला लागतं. इथं दहा-बारा मिनिटं जातात आणि इथंच लोक घाई करतात. तेल सुटलं की आणखी अर्धा चमचा काळा मसाला, अर्धं मिनिट, आणि उकळतं पाणी हाडांसकट ओता. गार पाणी घातलं तर तर्री दबते. बारीक उकळी दहा मिनिटं. ट्रेमध्ये जमलेला रस आणि चरबी शेवटी यात घाला, मग मिठाची चव बघा, कारण ट्रेतला रस खारट असतो.

वाढणी आणि उरलेलं

साडेआठला पानं मांडायची असतील तर सातपर्यंत कोंबडी आत गेलेली असावी. भाकऱ्या तिच्या विश्रांतीच्या पंधरा मिनिटांत. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकरी असेल तर दुसरं काही नको. नुसत्या ज्वारीचीही चालते, पाव मात्र आणू नका. तंगडी-मांडी सांध्यात सुरी घालून वेगळी करा, छाती हाडासकट चार तुकड्यांत. फोडलेला कांदा, लिंबू, आणि रस्सा वाटीत वेगळा. कोंबडीवर ओतू नका, एवढी मेहनत करून खरपूस केलेली कातडी भिजून जाईल.

उरलेलं दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं, आणि आपल्या उन्हाळ्यात तासाभरातच. तीन दिवसांत संपवा, खाताना वाफा येईपर्यंत गरम करून. हाडांवरचं मांस हातानं सोडवून ठेवलंत तर सकाळी शिळ्या भाकरीचा चुरा, कांदा, हिरवी मिरची यांच्याबरोबर फोडणीला टाकता येतं. त्यात उरलेल्या रस्स्याचा एक डाव घाला.